आईच्या तोंडाला सतत कोरड, आणि उत्तर एकच: "वय झालं". नक्की काय काय तपासावं?

साखळीची लेक

नमस्कार. आई ६४ वर्षांची, गोव्यात साखळीला असते. मी नोकरीमुळे पर्वरीला राहते, शनिवारी-रविवारी घरी जाते. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या तोंडाला कोरड पडते. आधी मी फारसं मनावर घेतलं नाही, याचं आता वाईट वाटतं.

चवथीला दुसऱ्याच आरतीला ती गप्प झाली. घुमट वाजतंय, सगळे आरतीत रंगलेत आणि ही तांब्या शोधत आत गेलेली. मागून गेले तर म्हणाली, "जीभ टाळ्याला चिकटते गो, शब्दच सुटत नाही." एरवी सगळ्या आरत्या पाठ असलेली आणि शेवटपर्यंत उभी राहणारी बाई! तेव्हापासून लक्ष ठेवतेय. पोदेराचा उंडा (बेकरीचा पाव) चहात भिजवल्याशिवाय तिला गिळता येत नाही. भातावर हुमण दोनदा ओतून घेते. रात्री दोन-तीनदा पाण्याला उठते. सहा महिन्यांत दोन दात हिरडीलगत किडले.

दोन डॉक्टर झाले. एक म्हणाले वय झालं, पाणी पीत राहा. दुसऱ्यांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांची साखर ५.९ आली, थायरॉईड ठीक आहे. चालू औषधं: बीपीची गोळी (लघवी होण्याचं औषध त्यातच आहे), पायांची आग होते म्हणून रात्री ॲमिट्रिप्टिलिन, लघवी आवरत नाही म्हणून सोलिफेनासिन, आणि धुळीने शिंका सुरू झाल्या की सेट्रिझिन.

लाळग्रंथीच बिघडल्या असतील का? शोग्रेन नावाच्या आजाराबद्दल वाचलं आणि झोप उडाली. सुरुवात कुठून करू?

फोंड्याचा दंतवैद्य, आता निवृत्त

सुरुवात औषधांच्या डब्यापासून करा. "वय झालं" हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. धडधाकट म्हाताऱ्या माणसाची लाळ नुसत्या वयाने इतकी आटत नाही की उंडा गिळता येऊ नये. वयाबरोबर वाढतात त्या गोळ्या.

लाळ सोडण्याचा निरोप मज्जातंतू ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून ग्रंथीला देतात. ॲमिट्रिप्टिलिन आणि सोलिफेनासिन दोन्ही तोच निरोप ग्रंथीपाशी अडवतात. सेट्रिझिन त्या मानाने सौम्य, पण वर आणखी एक झालंच. बीपीच्या गोळीतल्या लघवीच्या औषधानेही कोरड वाढू शकते. एकेक गोळी एकेका डॉक्टरने योग्य कारणासाठीच दिली असणार, पण चारही एकत्र कोणी पाहिल्यात का? प्रत्येक गोळी कधी सुरू झाली आणि कोरड कधी, हे एका कागदावर लिहून काढा. मात्र स्वतःहून काहीच बंद करू नका. ॲमिट्रिप्टिलिन एकदम सोडलं तर त्रास होतो.

दुसरी गोष्ट. तोंड कोरडं वाटणं वेगळं आणि लाळ खरोखर कमी असणं वेगळं. तोंडाने श्वास घेणाऱ्याला किंवा काळजीत असलेल्या माणसालाही कोरड जाणवते, पण मोजली तर लाळ पुरेशी भरते. ही मोजणी घरीही करता येते, कशी ते विचारलंत तर सांगेन.

तपासताना मी आधी आरसा गालाच्या आतल्या बाजूला टेकवायचो. कोरड्या तोंडात तो चिकटतो, सोडवावा लागतो. मग जिभेखाली लाळेचं तळं साचतंय का ते बघायचं. नंतर गाल कोरडा पुसून कानापुढची ग्रंथी हलकेच दाबायची. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर तिचं तोंड असतं, तिथे थेंब येतो का, आणि आला तर स्वच्छ की गढूळ. गढूळ किंवा पुवाचा थेंब म्हणजे ग्रंथीत संसर्ग. ही तपासणी पाच मिनिटांची, यंत्र लागत नाही. ती न करता पाणी प्या म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

हिरडीलगतची कीड हे लाळ कमी असल्याचं ओळखीचं लक्षण आहे. फ्लोराइडची पेस्ट वापरा, दंतवैद्याकडून वरून फ्लोराइड लावून घ्या. कोरड घालवायला गोड गोळ्या चघळत असतील तर आजच थांबवा, त्यांनी दात जातील. जीभ लालबुंद असेल, ओठांचे कोपरे चिरले असतील तर बुरशी आहे का तेही बघायला सांगा.

मये गावचा

माझं दुखणं वेगळं होतं, तरी सांगतो. सोलकढीचा घोट घेतला की उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी सूज यायची आणि तासाभरात उतरायची. मी दाढ समजून एक दाढ काढून बसलो. शेवटी सोनोग्राफीत नळीत खडा निघाला. असे बहुतेक खडे जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात म्हणे. तिची लाळ घट्ट आणि नळी वर चढत जाते. आईला जेवताना एका बाजूला सूज येते का, विचारा.

म्हापशाहून

ताई, शोग्रेन मला आहे, नऊ वर्षं झाली. नावाने घाबरू नका, पण विसरूनही जाऊ नका. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो. १९३३ साली हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश डॉक्टरांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं, तेही डोळ्यांचे डॉक्टर होते. म्हणून आईला पहिला प्रश्न डोळ्यांचा विचारा. वाळू गेल्यासारखं खुपतं का? सकाळी पापण्या चिकटतात का? माझे डोळे कांदा चिरतानासुद्धा कोरडे राहायचे आणि मला ते चांगलं वाटायचं! सांधे आखडणं, न उतरणारा थकवा, दोन्ही गाल कानापुढे फुगणं, हेही लिहून ठेवा.

माझी आधी डोळ्यांत कागदी पट्टी ठेवून तपासणी झाली. पाच मिनिटांत ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर डोळे कोरडे धरतात, माझी २ भिजली. मग रक्तात अँटी-रो ही प्रतिपिंडं तपासली, ती अँटी-एसएसए म्हणूनही लिहितात. शेवटी खालच्या ओठाच्या आतून छोट्या ग्रंथींचा तुकडा घेतला. चार दिवस हुळहुळलं, एवढंच. रक्ताची तपासणी नकारात्मक आली तरी हा तुकडा निदान देऊ शकतो. हेपटायटिस सीमुळेही अशीच कोरड येते, तीही तपासणी झाली पाहिजे.

लाळ वाढवायला पायलोकार्पिन मिळतं, पण दमा किंवा काचबिंदूचा काही प्रकार असेल तर चालत नाही, आधी सांगा. आणि ग्रंथीत कडक, न दुखणारी, वाढत जाणारी गाठ लागली किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटली तर थांबू नका. शोग्रेनवाल्यांत लिम्फोमाचा (लसीकापेशींच्या कर्करोगाचा) धोका जास्त असतो म्हणून मी दर सहा महिन्यांनी गळा-गाल चाचपून घेते.

साखळीची लेक

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल बिस्किटांच्या डब्यातली सगळी फार्मसीची बिलं जमिनीवर मांडून बसलो. ॲमिट्रिप्टिलिन तीन वर्षांचं जुनं. सोलिफेनासिन मे महिन्यात सुरू झालं, आणि आईला जूनच्या शेवटी पहिल्यांदा घास अडकल्याचं आठवतंय. डोळे खुपत नाहीत, सूज नाही. पण सांधे सकाळी आखडतात, ते तिने मला आजवर सांगितलंच नव्हतं. शुक्रवारी रजा टाकून तिला बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेते. लाळ मोजायची कशी ते सांगाल?

फोंड्याचा दंतवैद्य, आता निवृत्त

सकाळी, त्याआधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही, चूळसुद्धा नाही. खुर्चीत मान किंचित पुढे झुकवून बसायचं, बोलायचं नाही, चघळायचं नाही. १५ मिनिटं तोंडात जमेल ती लाळ छोट्या वाटीत सोडायची. मग सुईशिवाय ५ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ओढून आकडा वाचा, फेस धरू नका. दीड मिलिलिटर किंवा कमी भरली तर लाळ खरोखर कमी आहे. आकडा आणि तारखांचा कागद दोन्ही घेऊन जा. सोलिफेनासिनऐवजी मिराबेग्रॉन चालेल का हेही विचारा. ते लाळेचा निरोप अडवत नाही, फक्त त्याने बीपी वाढू शकतो, म्हणून आईचे बीपीचे आकडे सोबत हवेत. आणि सांध्यांचं तिथे तुम्ही सांगा, आई सांगणार नाहीत.