मदत हवी आहे : सांदण दरीतील पाणी आणि १४ वर्षांचा भाचा

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघे कोल्हापूरहून अकोले तालुक्यातील साम्रद गावी मुक्कामाला जाऊन सांदण दरी उतरण्याचा विचार करत आहोत. पावसाळ्यात ही घळ म्हणजे पाण्याची वाटच असते, म्हणून मुद्दाम हिवाळा निवडला आहे. सोबत माझा १४ वर्षांचा भाचा आहे. तो पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकला असून पाण्याला मुळीच घाबरत नाही आणि खरे सांगायचे तर मला काळजी त्याचीच वाटते.

दरीत सुरुवातीलाच दोन ठिकाणी पाणी साचलेले असते. त्यांपैकी दुसऱ्या डोहात डिसेंबरअखेर साधारण किती पाणी असते? ऊन जेमतेम पोहोचणाऱ्या त्या अरुंद कातळभिंतींमध्ये ओल्या कपड्यांनिशी पुढे चालणे मुलाला झेपेल का? दोर लावून उतरण्याच्या टप्प्याआधीच मागे फिरावे, की स्थानिक वाटाड्या व साहित्य घेऊन दरी पूर्ण उतरावी आणि करोली घाटाच्या पायवाटेने वर साम्रदला परतावे, याबद्दलही अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

बुटांविषयीही सांगावे. गेल्या वर्षी राधानगरीजवळच्या राऊतवाडी धबधब्यापाशी शेवाळलेल्या दगडावर माझ्या उजव्या बुटाचा तळवा टाचेपासून उकलला आणि गुडघा चांगलाच सोलवटला होता. दरीतल्या सुट्या, डळमळत्या धोंड्यांवर तसे घडू नये, एवढीच इच्छा आहे. कृपया स्वतः हिवाळ्यात जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहावे.