बेघरांसाठी देणगी: ब्लँकेटला हो, पगाराला नाही?

पर्वती_पायथा (धागाकर्ता)
डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ब्लँकेटची वर्गणी सुरू होते. सहा वर्षं मीही भरतोय, वाटायलाही जातो. मागच्या खेपेला स्टेशनजवळच्या फुटपाथवर एका आजोबांपुढे ब्लँकेट धरलं, तर त्यांनी उशाखालची दोन काढून दाखवली. "परवाच आलीत, साहेब. तिसरं ठेवू कुठं? आधार काढून देता का कुणी, ते सांगा." आमच्यातला एकजण तोवर फोटो काढून मोकळा झाला होता.

त्याच आठवड्यात एका रात्रनिवाऱ्यात गेलो. माळ्यावर ब्लँकेटं, कोपऱ्यात तांदळाची पोती, वाढदिवसाचं जेवण घालणाऱ्यांची महिनाभराची यादी भिंतीवर. आणि रात्रपाळीच्या केअरटेकरचा तीन महिन्यांचा पगार थकलेला. सरकारी हप्ता अडकला की देणगीदारांना विचारतात, तर उत्तर ठरलेलं: पगाराला नको, वस्तू सांगा.

माझं म्हणणं एवढंच, की या कामाला द्यायचं तर पगार, भाडं आणि लाइटबिलाला द्या, आणि एका वर्षाचं नको, तीन वर्षांचं द्या. ज्याच्याकडे कागद नाही त्याला कागद मिळवून देणारा माणूस लागतो. ब्लँकेट ते करत नाही.

रोखठोक_नाना
साफ अमान्य. निवारे चालवणं पालिकेचं काम आहे. राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाच्या निकषात लाख लोकसंख्येमागे 100 जणांचा निवारा होता. 2011 ला मुंबई 1 कोटी 24 लाख, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. त्याच्या जवळपास तरी आहोत का? त्याच जनगणनेत मुंबईत 57 हजारांच्या वर बेघर सापडले, तेही एका रात्रीच्या मोजणीत. तुम्ही केअरटेकरचा पगार भरलात की पालिका निवांत. थकलेला हप्ता थकलेलाच राहणार, वर तुम्हाला पुण्य.

द्यायचेच असतील पैसे तर वकिलांना द्या. 2010 साली सुप्रीम कोर्टाने सरकारांना निवाऱ्यांसाठी हलवलं ते अन्न अधिकाराच्या खटल्यात. तो खटला कुणी ब्लँकेटं वाटून उभा केला नव्हता.

पर्वती_पायथा
नाना, वकिलांना द्या हे मान्य. पण खटला चालेपर्यंत त्या केअरटेकरने काय खायचं?

रोखठोक_नाना
हा प्रश्न पालिकेला विचारा. मला नको.

कोल्हापुरी_कट्टा
मी नानांच्या बाजूचा नाही आणि तुमच्याही नाही. गाडगेबाबांनी लोकांकडून पैसा उभा केला तो धर्मशाळांना. पंढरपूर, नाशिक, आळंदी. दादरच्या धर्मशाळेत आजही टाटा हॉस्पिटलचे पेशंट उतरतात, नाहीतर परळच्या फुटपाथवर काय अवस्था असते ते बघितलंय मी, मामांच्या वेळी. इमारत डोळ्यांना दिसते, पन्नास वर्षं टिकते. पगारात घातलेले पैसे कुठे गेले कुणाला कळतं? आमच्याकडे एका संस्थेने 'समुपदेशक' म्हणून स्वतःचा मेव्हणा बसवला होता.

सीए_सुलभा
मेव्हणे कारखान्यातही असतात हो, म्हणून कुणी कामगारांचे पगार बंद करत नाही. ताळेबंद मागा.

एक गैरसमज मात्र इथेच काढते, कारण रोज ऐकते. सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर करायच्या खर्चात, 5 टक्क्यांची प्रशासकीय मर्यादा आहे म्हणून पगाराला पैसे देता येत नाहीत, असं कंपन्या संस्थांना सांगतात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. निवाऱ्यातल्या केअरटेकरचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. नियम आडवा येत नाही, इच्छा येते. परदेशी देणगीत खरोखर आवळलंय: 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली, आणि मोठ्या संस्थेने छोटीला त्यातून पैसे देणंही बंद. गल्लीतल्या छोट्या संस्था तिथे मेल्या.

आणि धर्मशाळेचंच म्हणाल, तर रोज झाडणारा माणूस फुकट येतो का?

हेलसिंकीची_मावशी
इथलं, फिनलंडचं सांगते. वाय-फाऊंडेशन 1985 पासून बाजारातली साधी घरं विकत घेऊन बेघरांना भाड्याने देते. सुरुवातीचा मोठा पैसा कुठला? जुगाराच्या मशीनचा! त्या मशीनची मक्तेदारी असलेल्या संघटनेचा नफा समाजकार्याला जायचा. आधी घर, मग दारू सोडवणं, नोकरी वगैरे. घराला अट नाही.

रोखठोक_नाना
मावशी, अख्खं फिनलंड 56 लाखांच्या आसपास. पुणे-पिंपरीत त्याहून जास्त माणसं आहेत. आणि इथे पगारदार माणसाला घर परवडत नाही, तिथे गर्दुल्ल्याला फ्लॅट?

हेलसिंकीची_मावशी
गर्दुल्ला हा शब्द इथे खटकला. बाकी आकड्याचं बरोबर आहे तुमचं, आमच्याकडे भाडं भरायला सरकारी भत्ताही मिळतो. तो नसता तर हे जमलं नसतं.

डॉ_आडगावकर
नाना, सगळे बेघर नशेतले नसतात. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था बघा, 2018 चा मॅगसेसे त्यांना मिळाला. रस्त्यावरचे मनोरुग्ण आणायचे, बरे करायचे, आणि घर आठवलं की सोबत माणूस देऊन थेट गावी पोचवायचे. मग तो गाव बिहारात असो की ओडिशात. यात खर्च कशाचा? गोळ्या, पगार, रेल्वेची तिकिटं. यातलं फलकावर नाव कोरण्यासारखं काय आहे?

कोल्हापुरी_कट्टा
हे उदाहरण चांगलं आहे. पण तिथे डॉक्टरवर विश्वास आहे म्हणून लोक देतात. प्रत्येक संस्थेला वाटवानी कुठून मिळणार?

रात्रपाळी
नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. मी निवाऱ्यात केअरटेकर आहे, पुण्यातल्या नाही. धाग्यात आमचाच विषय म्हणून लिहितो. काल रात्री 41 माणसं होती. गीझर दिवाळीपासून बंद. दोन जण अंघोळ नको म्हणतात आणि अंघोळ नाही म्हणून त्यांना कामावर घेत नाहीत. दुरुस्तीवाला साडेतीन हजार सांगतो. परवा एक साहेब नवा गीझर द्यायला तयार होते, वर त्यांच्या वडिलांचं नाव टाकायचं म्हणाले. आमचा जुना दुरुस्त होतो, पण दुरुस्तीवर नाव टाकता येत नाही.

सीए_सुलभा
दादा, संस्थेचं नाव आणि 80जीचा, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचा कागद मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. साडेतीन हजार आज देते.

रोखठोक_नाना
माझं मत बदललेलं नाही. पालिकेला माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो, हप्ता कधीपासून थकलाय ते विचारतो. शहर कुठलं? आणि तुम्हाला पगार किती?

रात्रपाळी
बारा हजार. कागदावर. शहर निरोपात सांगतो, इथे नको. आठ वाजले, गेट उघडायचंय.