शंभर गोल्डमध्ये क्लास बदलून मिळावा का? (बाल्डर्स गेट ३)

जुना_फासा

बाल्डर्स गेट ३ दुसऱ्यांदा संपवला आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला लॅरियन कंपनीचा हा व्हिडिओ गेम डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलावरच्या फाशांच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर चालतो. पात्राचे क्लास, म्हणजे पेशे, १२ आहेत, फायटर (लढवय्या), रोग (चोर), विझर्ड (जादूगार), क्लेरिक (देवाचा पुजारी) वगैरे, आणि लेव्हलही १२ पर्यंतच जाते. प्रत्येक लेव्हलला जुनाच क्लास पुढे न्यायचा की दुसऱ्या क्लासची एक लेव्हल घ्यायची, हे आपण ठरवतो. दुसरा घेतला की झाला मल्टिक्लास. शिवाय कॅम्पात विदर्स नावाचा एक हाडकुळा म्हातारा उभा असतो. त्याच्या हातावर १०० गोल्ड ठेवले की अख्खं पात्र पहिल्या लेव्हलपासून पुन्हा बांधता येतं. क्लास, ॲबिलिटीचे (ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे गुणांचे) आकडे, सगळं. हवं तितक्या वेळा.

सरमिसळीला माझा विरोध नाही. दोन क्लास एकत्र करून तिसरंच काहीतरी उभं करणं हा मला अशा गेममधला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. पण ती सुंदर वाटते ती त्यासाठी काहीतरी सोडावं लागतं म्हणून. जे सोडलं ते उद्या १०० गोल्डला परत मिळणार असेल, तर सोडलं काय?

१९९८ च्या पहिल्या बाल्डर्स गेटमध्ये मनुष्य पात्राला दोन क्लास एकदम घेताच यायचे नाहीत. ती सोय एल्फ, हाफ-एल्फ वगैरेंना, आणि त्यांचेही अनुभवाचे गुण दोन्हीकडे अर्धे अर्धे वाटले जायचे. माणसाने क्लास बदलायचा तो एकदाच, मागे फिरणं नाही. त्यासाठी जुन्या क्लासच्या मुख्य ॲबिलिटीत १५ आणि नव्याच्या मुख्य ॲबिलिटीत १७ हवेत. आणि बदलल्यावर नव्या क्लासची लेव्हल जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुनं सगळं कसब कुलूपबंद.

इमोएन ही त्यातली चोर. तिची बुद्धी नेमकी १७, म्हणून तिला मेज, म्हणजे जादूगार, करता येतं. मी तिला सहाव्या लेव्हलला बदललं. म्हणजे मेजची सातवी लेव्हल येईपर्यंत, तिचे ६०,००० गुण होईपर्यंत, तिला सापळे सापडणार नाहीत. त्याच अवस्थेत मी डरलॅगच्या मनोऱ्यात शिरलो. तो मनोरा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको, तिथे पावलापावलावर सापळा आहे. एकेका दारात थांबून मी ठरवायचो, आधी कुणी जायचं, कुणाच्या अंगात तेवढं सोसण्याइतके हिट पॉइंट उरलेत. इमोएन सगळ्यांच्या मागे, हातात गोफण. मग एका लढाईनंतर तिची सातवी लेव्हल आली. तिला सापळे शोधायला लावलं, आणि ज्या फरशीवरून आम्ही पुढे जाणार होतो नेमका तिथेच सापळा दाखवणारा लाल पट्टा उमटला. मी खुर्चीतून उठलोच. त्या लाल पट्ट्यासाठी मी कितीतरी रात्री दिल्या होत्या.

बाल्डर्स गेट ३ मध्ये मला असा एकही क्षण मिळाला नाही. कसा मिळेल? अडलं की विदर्स आहेच.

रात्रपाळी

तुमची इमोएनची गोष्ट आवडली, अगदी मनापासून. पण तीत एक गोष्ट तुम्ही गृहीत धरलीत: तुमच्याकडे त्या रात्री होत्या.

मला आठवड्यात दोन रात्री मिळतात, मुलं झोपल्यावर, साडेदहा ते बारा. आयुष्यातला हा माझा पहिलाच आरपीजी, म्हणजे पात्र घेऊन खेळायचा गेम. शॅडोहार्ट ही साथीदार माझ्या पार्टीत (चमूत) आली तेव्हा मी दर लढाईत तिला फायर बोल्ट हा आगीचा स्पेल (मंत्र) मारायला लावायचे आणि दर लढाईत तो चुकायचा. मला वाटायचं नशीबच खराब. तिसऱ्या आठवड्यात कळलं की तो स्पेल तिला तिच्या वंशामुळे मिळालाय आणि तो बुद्धीवर चालतो. तिची बुद्धी १०. ती क्लेरिक, तिची विज्डम (शहाणपण) १७, क्लेरिकचे स्पेल त्यावर चालतात. वर तिचा मूळचा ट्रिकरी (फसवणूक) डोमेन, म्हणजे क्लेरिकची उपशाखा, ज्यातले स्पेल नवशिक्याला कधी वापरायचे तेच समजत नाहीत. मी विदर्सकडे गेले, १०० गोल्ड दिले, तिला लाइफ डोमेन दिला. पुढच्याच लढाईत लेझेल ही दुसरी साथीदार पडली होती, तिला उठवलं आणि आम्ही जिंकलो. त्या रात्री झोपायला एक वाजला.

विदर्स नसता तर काय केलं असतं? माझ्या हिशेबाने दीड महिन्याचा खेळ टाकून पहिल्यापासून सुरुवात. खरं सांगते, नसती केली. गेम तिथेच सुटला असता.

सहा_ठोसे

रात्रपाळी यांना पूर्ण अनुमोदन, पण माझं कारण वेगळं आहे. मला रिस्पेक (विदर्सकडे पात्र पुन्हा बांधणं) हवा तो चूक सुधारायला नव्हे, शोध लावायला.

माझा मंक, म्हणजे रिकाम्या हातांनी लढणारा साधू. पाचव्या लेव्हलला त्याला एक्स्ट्रा अटॅक मिळतो, म्हणजे एका ॲक्शनमध्ये दोन ठोसे. बोनस ॲक्शन खर्चून फ्लरी ऑफ ब्लोज, आणखी दोन. चार झाले. आता रोगच्या तीन लेव्हल घ्या आणि थीफ सबक्लास निवडा. बाल्डर्स गेट ३ मध्ये थीफला आणखी एक बोनस ॲक्शन मिळते. म्हणजे दुसरी फ्लरी. एका फेरीत सहा ठोसे.

पण खरी गंमत त्यापुढच्या हिशेबात आहे. फीट (निवडून घ्यायची खास कसबं) मिळतात ते क्लासच्या लेव्हलवर, एकूण लेव्हलवर नाही. चौथी, आठवी, बारावी. मंक ९ आणि रोग ३ केलं तर दोनच फीट. मंक ८ आणि रोग ४ केलं तर तीन, पण मंकची नववी लेव्हल गेली. मी दोन्ही करून पाहिले, मध्ये एकदा निव्वळ मंक १२ सुद्धा. प्रत्येक वेळी त्याच लढाईआधीचा सेव्ह उघडून. हे रिस्पेकशिवाय करायचं तर तीनदा पहिल्यापासून खेळा. फासा दादा, तुम्ही म्हणता सोडल्याशिवाय गोडी नाही. मी तर प्रत्येक मांडणीत काहीतरी सोडलंच आहे, आणि काय सोडलं ते मला आकड्यानिशी माहीत आहे. तुम्ही इमोएनला सहाव्या लेव्हलला बदललंत तेव्हा डरलॅगच्या मनोऱ्यात काय वाढून ठेवलंय हे तुम्हाला माहीत होतं का?

जुना_फासा

नव्हतं. म्हणून तर तो मनोरा माझा झाला.

रात्रपाळी, तुमच्या शॅडोहार्टबद्दल मी वाद घालणार नाही. पण एक विचारू? शॅडोहार्ट ही शारची भक्त, अंधाराची आणि हरवण्याची देवी. तिला लाइफ डोमेन दिला, जखमा बऱ्या करणारी केलं, आणि तिच्या बोलण्यात एक अक्षर बदललं नाही. तिला फायटर करा, ती तरीही शारचीच पूजा करत राहते. गेल या साथीदाराला विझर्डवरून बार्बेरियन (रानटी योद्धा) करा, त्याच्या छातीतली जादूची भूक तशीच. विल हा साथीदार वॉरलॉक (कराराने जादू मिळवलेला) राहिला नाही तरी मिझोरा या सैतानीशी केलेला करार कायम. म्हणजे क्लास हा त्या माणसाचा भागच उरला नाही, अंगावर चढवलेला सदरा झाला. मला खुपतं ते हे.

आणि याच गेममध्ये हे बरोबर करून दाखवलंय, म्हणून जास्त खुपतं. पॅलाडिनने, म्हणजे शपथ घेतलेल्या योद्ध्याने, शपथेविरुद्ध काम केलं की शपथ मोडते. मग कॅम्पात एक काळ्या चिलखतातला नाइट येऊन उभा राहतो, तुमच्याशी बोलतो, आणि तुम्ही ओथब्रेकर, म्हणजे शपथ मोडलेले, होता. तिथे क्लासच बदलतो असं नाही, पण त्याचा आत्मा बदलतो, आणि तोही तुम्ही जे वागलात त्यामुळे. माझ्या पहिल्या खेळात ज्या माणसाला मी मारलं त्याचा चेहरा मला अजून आठवतो. असं दार प्रत्येक क्लासला हवं होतं.

रविवारचा_डीएम

आम्ही पुण्यात पाच जण रविवारी टेबलावर डी अँड डी खेळतो, मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, असतो. दोन्ही बाजूंना थोडं थोडं अडवतो.

जुना फासा, तुम्ही १९९८ च्या नियमांना जरा जास्तच मान देताय. माणसाला एक नियम आणि हाफ-एल्फला दुसरा, याला त्या जगात पटेल असं कारण मला तरी कधी सापडलं नाही. आणि जुन्या मालिकेतही तुम्ही म्हणता ते सगळं कथेतून घडत नव्हतं. दुसऱ्या भागात इमोएन भेटते ती आधीच चोराची मेज झालेली. अ‍ॅनोमेन हा साथीदार फायटरचा क्लेरिक झालेला. तुम्ही पहिल्या भागात तिला अख्खा खेळभर चोरच ठेवलं असतं, तरी दुसऱ्या भागात ती मेजच निघाली असती. तिथे कुठे होती तुमची निवड?

पण सहा ठोसे, तुलाही सांगतो. टेबलावर, २०१४ च्या नियमपुस्तकाप्रमाणे, मल्टिक्लास करायला दोन्ही क्लासच्या मुख्य ॲबिलिटीत किमान १३ लागतात. लॅरियनने ती अट काढून टाकली. तुझ्या मंकला डेक्स्टेरिटी (चपळाई) आणि विज्डम लागते, रोगला डेक्स्टेरिटी, त्यामुळे तुला बहुधा अडचण आली नसती. पण बुद्धी ८ असलेला क्लेरिक विझर्डची एक लेव्हल घेतो आणि स्क्रोलवरून वरचे वरचे स्पेल वहीत उतरवत सुटतो, हे टेबलावर होत नाही. तिथे विझर्डच्या लेव्हलला जेवढं झेपेल तेवढंच वहीत उतरतं. ही अट मला आवडते, कारण ती पात्राला विचारते की तू हे होण्यासारखा आहेस का.

आमच्या टेबलावर एकीची रोग होती. एका मोहिमेत तिने ज्याला लुटलं तो माणूस नंतर पार्टीला वाचवताना मेला. पुढच्या लेव्हलला तिने क्लेरिक मागितला. विज्डम १२. नियमाने नाही. तिने ती वेळ थांबून काढली, पुढच्या ॲबिलिटी वाढीत १३ केली आणि मग घेतला. मधले ते रविवार ती प्रत्येक देवळापाशी थांबायची आणि आत जायची नाही. मला हे कुठल्याही मेनूतून मिळालं नसतं.

सहा_ठोसे

डीएम, हे सुंदर आहे. पण हे तुझ्या टेबलावरच्या एका चांगल्या खेळाडूने केलं, १३ च्या आकड्याने नाही. तीच खेळाडू बाल्डर्स गेट ३ मध्येही देवळाबाहेर थांबली असती. विदर्स कुणाला हाताला धरून कॅम्पात ओढत नाही.

अर्धी_एल्फ

जाहिरा या मालिकेतल्या जुन्या साथीदारासाठी दोन ओळी लिहिते. जुन्या दोन्ही भागांत ती फायटर आणि ड्रुइड (निसर्गाची जादू करणारी) दोन्ही होती. तिसऱ्यात लास्ट लाइट इनमध्ये भेटते तेव्हा निव्वळ ड्रुइड. मी तिला पार्टीत आल्याच्या पहिल्या रात्री विदर्सकडे नेलं आणि तिला तिच्या फायटरच्या लेव्हल परत दिल्या. शंभर गोल्डमध्ये मला माझी ओळखीची बाई परत मिळाली. सदरा म्हणा हवं तर, पण तो तिचाच होता.

नवखा_४

चर्चा मोठी चाललीये, मध्येच विचारतो, चालेल ना? माझी एकूण लेव्हल सहा. फायटर ३, रोग ३. सगळीकडे वाचलं होतं की मल्टिक्लास भारी असतो. पण माझं पात्र सगळ्यात दुबळं झालंय. लेझेल दोनदा मारते, मी एकदाच. काय चुकलं?

सहा_ठोसे

चौथ्या लेव्हलला फीट, पाचव्याला एक्स्ट्रा अटॅक. तुझा एकही क्लास चौथ्याला पोचलेला नाही, म्हणून तुझ्याकडे दोन्ही नाहीत. लेझेल निव्वळ फायटर ६ असेल तर तिच्याकडे एक्स्ट्रा अटॅक आहे आणि फीट दोन, कारण फायटरला सहाव्याला जादा फीट मिळतो. आधी एक क्लास पाचपर्यंत न्यायचा, मग दुसऱ्याकडे वळायचं. आणि लक्षात ठेव, एक्स्ट्रा अटॅक फायटर, मंक, रेंजर असा दोन क्लासमधून घेतला तरी वार दोनच राहतात, बेरीज होत नाही. पॅक्ट ऑफ द ब्लेड घेतलेल्या वॉरलॉकचा पाचव्या लेव्हलचा मात्र बेरजेत धरला जातो आणि वार तीन होतात. ऑनर मोडमध्ये तेही बंद आहे.

जुना_फासा

ऑनर मोडचं नाव निघालंच आहे तर. नोव्हेंबर २०२३ च्या पाचव्या पॅचमध्ये तो आला. एकच सेव्ह, पार्टी संपली की मोहीम संपली. लॅरियनने तिथे तीन वारांची वाट बुजवली, पण विदर्सला १०० गोल्डवर तसाच उभा ठेवला. एक सेव्ह म्हणजे केलेलं निस्तरायचं, हेच त्या मोडचं वचन आहे ना? मग पुढच्या बॉसला काय लागतं ते पाहून आदल्या रात्री चौघांचे क्लास बदलता येतात, हे कसं चालतं? निदान तिथे तरी त्याचं दुकान बंद करा, एवढं मागणं मी सोडणार नाही. बाकीच्या मोडमध्ये राहू दे. रात्रपाळी यांची दीड महिन्याची गोष्ट वाचल्यापासून मला ते नाकारता येत नाहीये.

नवखा, तू विदर्सकडे जा. फायटर ६ कर. तुला कुणी सांगितलं नव्हतं, आणि गेमही सांगत नाही. लेव्हल वाढवताना दुसऱ्या क्लासचं बटण दिसतं, पण त्यामुळे काय लांबणीवर पडतंय याची एक ओळ तिथे नाही. ती ओळ असती तर निम्म्या लोकांना विदर्स लागलाच नसता.

रात्रपाळी

ही शेवटची मागणी माझीही. ऑनर मोडचं मात्र मान्य नाही. तिथे एकदा चुकलं की सगळंच जातं, तिथे तर म्हातारा जास्त हवा.

नवखा_४

गेलो होतो. तिन्ही लेव्हल परत फायटरला दिल्या, पहिल्याच गॉब्लिनला दोन वार बसले. पण लपून मागून मारायची सवय लागली होती, ती आठवत राहते. आठव्या लेव्हलनंतर रोग परत घेणार आहे, या वेळी विचार करून. जुना फासा दादा, तो डरलॅगचा मनोरा आजच्या लॅपटॉपवर चालतो का?