मालक बदलला म्हणून कार्ड बदलायचं का?

पेठेतला :
परवा बाणेर_बायपास यांनी इथे एक फर्मान काढलं. ज्यांच्या नजरेतून सुटलं त्यांच्यासाठी सारांश : व्होडाफोन-आयडियात सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांवर गेला, म्हणजे ती आता दुसरी बीएसएनएल झाली, शहाण्याने आठवडाभरात दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून मोकळं व्हावं, आणि जे म्हातारे अजून '९८२२०' ने सुरू होणारा जुना नंबर कुरवाळत बसलेत त्यांची यांना कीव येते.

तो म्हातारा मीच. वय त्रेसष्ट. कीव नको आहे.

आधी मालकीचं बघू. सरकारने रोख मोजून कंपनी विकत घेतली असा यांचा समज दिसतो. कंपनी सरकारचं देणं लागत होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये थकलेल्या व्याजाच्या १६,१३३ कोटींचे शेअर सरकारच्या नावावर केले, तेव्हा हिस्सा तेहतीस टक्क्यांवर आला. एप्रिल २०२५ मध्ये स्पेक्ट्रमच्या (म्हणजे लहरी वापरायच्या हक्काच्या) थकबाकीपैकी ३६,९५० कोटींचं तेच केलं आणि आकडा ४८.९९ वर पोचला. कारभार जुन्याच प्रवर्तकांकडे आहे. सावकाराने उधारीपोटी अर्धा गाळा लिहून घेतला म्हणून तो सकाळी येऊन गल्ल्यावर बसत नाही. फार तर चहा पिऊन जातो.

आणि मालक बदलण्याचं आम्हाला सांगूच नका. माझं कार्ड बिर्ला एटी अँड टीचं. इनकमिंगला पैसे पडायचे तेव्हाचं. घरून फोन आला की तो कट करायचा आणि कॉइनबॉक्स शोधायचा, अशी आमची मोबाइल क्रांती. मग त्यात टाटा आले, २००२ मध्ये 'आयडिया' झाली, २०१८ मध्ये व्होडाफोन येऊन मिळाली, २०२० मध्ये नाव 'व्हीआय' अशा दोन अक्षरांवर आलं. इतकी बारशी झाली, आणि प्रत्येक बारशाला कोणीतरी 'हे मूल काही जगत नाही' म्हणालंच.

राहिले प्लॅन. जुलै २०२४ मध्ये जिओ आणि एअरटेलने ३ तारखेला दर वाढवले, यांनी ४ तारखेला. म्हणजे मालक वेगवेगळे, अक्कल एकच. त्या दरवाढीत २८ दिवसांचा सगळ्यात साधा, २ जीबीवाला प्लॅन झाला एअरटेल १९९, व्हीआय १९९, जिओ १८९. रोज दीड जीबीचा ३४९, ३४९ आणि २९९. पन्नास रुपयांचा फरक आहे तिथे आहे, नाही म्हणत नाही. पण त्यात सरकार कुठे आलं?

बाणेर_बायपास :
काका, एवढं लिहिलंत पण बेसिक गोष्टच राहिली. पोर्ट केलं तरी नंबर तोच राहतो! २०११ पासून. १९०० वर एक मेसेज, कोड येतो, तीन वर्किंग डेजमध्ये काम होतं. तुमचं ९८२२० कोणी काढून घेत नाहीये. त्यामुळे अर्धं प्रवचन बाद.

आणि माझा मुद्दा मालकीचा नव्हता, खिशाचा होता. ज्या कंपनीला देणी शेअर देऊन फेडावी लागतात ती नवीन टॉवर कशातून उभे करणार? प्लॅन सारखे असतील, पण त्याच ३४९ मध्ये समोरचा काय देतो ते बघा ना.

माझ्याकडे पूर्वी एका कंपनीचं कार्ड होतं. नाव लिहीत नाही, इथे लगेच लोक झेंडे घेऊन येतात. मुलगी झाली त्या रात्री हॉस्पिटलच्या तळघरातल्या मेडिकलमध्ये दीड तास होतो. रेंज शून्य. वर आलो तर सासूबाईंचे एकोणीस मिस्ड कॉल एकदम. आठ वर्षं झाली, अजून ऐकवतात.

पेठेतला :
नंबर तोच राहतो हे मान्य. अर्धंच प्रवचन बाद केल्याबद्दल आभारी आहे. पण तळघरात रेंज नाही हा मालकाचा दोष की सिमेंटचा? आणि एकोणीस वेळा फोन करणाऱ्या सासूबाईंना कुठल्याही नेटवर्कवर उत्तर नसतं.

आजीची_नात :
तुम्ही दोघं जीबी मोजत बसा. माझी आजी ८१ वर्षांची, मामाने दिलेला जुना स्मार्टफोन, त्यात डेटा कायम बंद. तिला फक्त फोन लागायला आणि बँकेचा ओटीपी यायला हवा. इतकी वर्षं रोज दीड जीबी घेऊन ती तो ठेवत कुठे होती? शेवटी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवायलाच लावले. जानेवारीत एअरटेलने ४६९ आणि १८४९ चा आणला, जिओने ४४८ आणि १७४८ चा. मी आजीला जिओचा वर्षाचा १७४८ चा मारला, शंभर रुपये वाचवले. यावर एक अक्षर नाही तुमच्या दोघांच्या महाभारतात.

हिशेबनीस :
ताई, १७४८ चा वर्षाचा नाही, ३३६ दिवसांचा आहे. १८४९ चा ३६५ दिवसांचा. भागाकार करा : पहिला दिवसाला ५ रुपये २० पैसे, दुसरा ५ रुपये ७ पैसे. तुमच्या दराने पूर्ण वर्षाचे १८९९ होतात. शंभर वाचले नाहीत, पन्नास गेले.

मुळात ३३६ हा आकडा आला कुठून? बारा गुणिले अठ्ठावीस. या २८ दिवसांच्या महिन्याने वर्षाला तेरा रिचार्ज होतात. ३४९ वाला बारा महिन्यांचे ४१८८ भरतोय असं समजतो आणि भरतो ४५३७. आपल्याकडे अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, यांच्याकडे दर वर्षी. बरं, आपल्या धोंड्याच्या महिन्यात जावयाला निदान अनारसे तरी मिळतात.

आजीची_नात :
हिशेब बरोबर आहे तुमचा. गेले पन्नास. तुमचं लग्न झालंय का हो? सहज विचारलं, घरच्यांची काळजी वाटली.

खात्यातून_निवृत्त :
वरील चर्चा वाचली. काही दुरुस्त्या आवश्यक आहेत.

एक. तीस दिवसांचा किमान एक प्लॅन आणि दर महिन्याला त्याच तारखेला संपणारा किमान एक प्लॅन ठेवणे जानेवारी २०२२ पासून प्रत्येक कंपनीवर बंधनकारक आहे. तो यादीत खाली असतो. शोधण्याचे कष्ट घ्यावेत, मग अनारसे मागावेत.

दोन. 'खात्यात २० रुपये ठेवले की कार्ड चालू राहते' असा जो मेसेज फिरतो, तो अर्धवट आहे. ९० दिवस काहीही वापर झाला नाही तर २० रुपये कापून नंबर रद्द न करण्याचा तो २०१३ चा नियम आहे. नंबर जिवंत राहतो, इनकमिंगची हमी नाही.

तीन. आजीकडे जुना टू-जी फोन असता तर त्यात जिओ चाललेच नसते. त्यांचे जाळे फोर-जीपासून सुरू होते. हे रिचार्ज मारण्याआधी बघायचे असते. ('रिचार्ज मारणे' हा प्रयोगही मला खटकतो, पण तो विषय वेगळा.)

चार. 'दुसरी बीएसएनएल' ही शिवी म्हणून वापरलेली पाहून वाईट वाटले. चौतीस वर्षे नोकरी केली. जुलै २०२४ मध्ये तिघांनी दर वाढवले तेव्हा आम्ही वाढवले नव्हते, आणि तेव्हा हीच मंडळी आमच्या दारात रांगा लावून उभी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये ९७,५०० फोर-जी टॉवरचे लोकार्पण झाले, तेजस, सी-डॉट आणि टीसीएसच्या स्वदेशी तंत्रावर. उशीर झाला हे मी नाकारत नाही.

पाच. रेंज नाही म्हणून रडणाऱ्यांनी आधी आपल्या सोसायटीच्या गच्चीवरून टॉवर कोणी उतरवला ते आठवावे.

धायरीकर :
पाचवा मुद्दा फ्रेम करून लावा!! आमच्या शेजारच्या सोसायटीने बैठक घेऊन टॉवर काढायला लावला. आता तीच मंडळी संध्याकाळी आमच्या गेटसमोर उभी राहून फोनवर बोलतात. वॉचमन त्यांना खुर्ची देतो.

गच्चीवाली :
मी त्याच प्रकारच्या एका सोसायटीची माजी सेक्रेटरी. उतरवला, आणि पुन्हा उतरवीन. वरच्या मजल्यावर दोन लहान मुलं होती. ज्यांच्या डोक्यावर टॉवर नाही त्यांनी शहाणपणा शिकवू नये. आणि भाडं काय सगळ्यांना मिळत होतं का? मी येण्याआधी त्याचा हिशेब दोनच माणसांना माहीत होता.

खात्यातून_निवृत्त :
ताई, भारतात सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. शिवाय अँटेना समोर फेकते, थेट खाली नाही. गच्चीखालच्या घरात उलट कमीच पोचते. आणि टॉवर लांब गेला की तुमच्या हातातला फोन जास्त ताकदीने ओरडतो. तो गच्चीवर नसतो, कानाला असतो.

गच्चीवाली :
मग २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना 'कर्करोगाची शक्यता आहे' म्हणून यादीत का टाकलं?

हिशेबनीस :
त्याच गटात आशियाई पद्धतीच्या लोणच्याच्या भाज्याही आहेत. लोणच्यासाठी बैठक कधी बोलावताय?

गच्चीवाली :
कैरीच्या लोणच्याला यात ओढू नका. आणि मला असं बोलायचं कारण नाही. मी सहा वर्षं फुकट सोसायटीचं काम केलं. पाण्याचे टँकर, लिफ्टचे पैसे, तुमच्यासारखे हिशेबनीस वर्षातून एकदा सभेला यायचे आणि चहात साखर कमी आहे म्हणायचे.

धायरीकर :
साखरेचं राहू द्या. टॉवरच्या भाड्यातून लिफ्टचा खर्च निघत होता की नाही?

गच्चीवाली :
निघत होता.

धायरीकर :
आणि आता?

गच्चीवाली :
आता मेंटेनन्स वाढवला. बास? मिळालं समाधान? वर टॉवरच्या मिळकतकराची कटकट आमच्या गळ्यात येईल अशी भीती होती ती वेगळीच. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने कर लावता येतो म्हटलं, तेव्हापासून टॉवरवाले म्हणायचे तुम्ही भरा, आम्ही म्हणायचो तुम्ही भरा. हे कोणी सांगत नाही, सगळे नुसते रेंज रेंज करतात.

हिशेबनीस :
ही कराची बाजू माहीत नव्हती. लोणच्याचं विधान मागे घेतो. अर्धं.

पेठेतला :
लोकहो, विषय प्लॅनचा होता. मी घसा कोरडा करून दर लिहिले, आणि गाडी कैरीवर.

तिसरा_हवाच :
मूळ विषयावर येतो, कारण दोघंही चुकताय. बाणेरराव म्हणतात पळा, काका म्हणतात काही बदललं नाही. अहो, माणसं मोजा ना. दहा वर्षांपूर्वी दुकानात गेलं की सात-आठ कंपन्यांची कार्डं टांगलेली असायची. रिलायन्स कम्युनिकेशन्स गेली, एअरसेल गेली, टेलिनॉर आणि टाटा डोकोमो एअरटेलमध्ये विरघळल्या. खाजगी उरल्या तीन. सगळ्यांनी पळून तिसरी बुडवली की उरतील दोन. मग १९९ चा प्लॅन किती होईल ते हिशेबनीसांना विचारा. सरकारने शेअर घेतले ते प्रेमापोटी नाही, बुडाली तर स्वतःचे पैसे बुडतात म्हणून.

मी सरळ दोन कार्डं ठेवली आहेत. एक घरी चालणारं, एक ऑफिसात चालणारं.

बाणेर_बायपास :
म्हणजे मार्केट वाचवण्यासाठी मी दर महिन्याला १९९ ची वर्गणी भरायची? गणपतीची बरी, प्रसाद तरी मिळतो.

पण दोन कार्डांचं पटतं. नाइलाजाने पटतं. आणि टोन चुकला होता माझा, 'म्हातारे' लिहायला नको होतं.

पेठेतला :
लिहायला हरकत नव्हती. 'कीव' खटकलं. आणि तुमच्या खिशाच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, हे आता लिहून टाकतो म्हणजे सुटलो. माझ्या घरात, दुकानात आणि भावाकडे सहकारनगरला फोन लागतो म्हणून मी आहे. उद्या लागला नाही तर मीही १९०० वर मेसेज करीन. सरकारला विचारून करणार नाही.

आजीची_नात :
सुटलात कसले? एवढं सगळं दोन ओळींत होतं तर वरचा निबंध कशाला वाचायला लावलात?

बाणेर_बायपास :
आता खरं सांगतो, हसू नका. तो लेख ज्या कारणाने लिहिला ते. बाबांचं कार्ड पोर्ट करायचं होतं. मेसेज केला, कोड आला. चार दिवस चालतो. बाबा फोन उशीखाली घेऊन झोपतात आणि कोड देत नाहीत. म्हणतात, हे बीपीएलचं कार्ड आहे. बीपीएल! ती हच झाली, हचची व्होडाफोन झाली, मग आयडियाशी लग्न लागलं. हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, मला कोणी विचारलं होतं का?

आज तिसरा दिवस आहे.

पेठेतला :
म्हणजे ९८२३०! वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्या काळात आम्ही ९८२२० वाले ९८२३० वाल्यांना जरा खालचेच समजायचो. आता एकाच घरात नांदतोय म्हटल्यावर बोलणं आलं. कोड अजिबात देऊ नका म्हणावं.