बिग बर्था किटमध्ये १८ ऐवजी २४ मिमीची मोटर कशी बसवावी?

ओहायोकर
नमस्कार. एस्टीझ कंपनीचे बिग बर्था हे हौशी मॉडेल रॉकेट मी सूचनापत्रकाप्रमाणे बांधले असून ते सी६-५ मोटरवर व्यवस्थित उडते (मोटरच्या नावातले अक्षर म्हणजे तिचा शक्तिवर्ग आणि शेवटचा आकडा म्हणजे इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर पडेपर्यंतचे सेकंद). तेच किट आता पुन्हा विकत घेतले आहे, पण अद्याप जोडलेले नाही, कारण या वेळी त्यात १८ मिमी व्यासाच्या मोटरऐवजी २४ मिमी व्यासाची डी१२ बसावी अशी इच्छा आहे. बॉडी ट्यूब (रॉकेटचे नळीसारखे धड) बीटी-६० या मापाची असल्यामुळे आत जागा पुरेशी आहे. जुन्या रॉकेटची मी घेतलेली मापे अशी: लांबी ६१ सेंमी, सी६ मोटर व पॅराशूटसह वजन ९५ ग्रॅम, आणि गुरुत्वमध्य टोकापासून ३७ सेंमीवर. ओपनरॉकेट या संगणक-प्रणालीत दाबकेंद्र, म्हणजे हवेचा दाब जेथे एकवटतो तो बिंदू, ४६ सेंमीवर दिसते. मोठी मोटर बसवल्यावर रॉकेट स्थिर राहील का, नोज कोनमध्ये (टोकाच्या शंकूत) वजन भरावे लागेल का आणि मोटर धरून ठेवणारा हुक बदलावा लागेल का, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

त्रिज्या
हुकाचे उत्तर सोपे आहे. डी१२ची लांबी सी६इतकीच, म्हणजे ७० मिमी असते, त्यामुळे किटमधला हुक चालतो. पुढे कधी ९५ मिमी लांबीची ई१२ वापरण्याची शक्यता असेल, तर मात्र आताच लांब हुक किंवा आट्यांचे टोपण असलेला रिटेनर बसवावा.

स्थिरतेचा प्रश्न अधिक विचार करण्याजोगा आहे. दाबकेंद्र रॉकेटच्या बाह्य आकारावर ठरते आणि तुम्ही बाहेरून काहीच बदलत नसल्यामुळे ते ४६ सेंमीवरच राहील. बदलतो तो केवळ गुरुत्वमध्य. सी६ सुमारे २४ ग्रॅमची आणि डी१२ सुमारे ४३ ग्रॅमची, म्हणजे १९ ग्रॅमची भर पडते आणि तीही शेपटाकडे, टोकापासून साधारण ५७.५ सेंमीवर. मोटरची मोठी नळी आणि तिला ट्यूबच्या मध्यभागी धरणाऱ्या नव्या सेंटरिंग रिंग यांचे आणखी ५ ग्रॅम धरले, तर एकूण वजन ११९ ग्रॅम होते आणि गुरुत्वमध्य ४१.१ सेंमीपर्यंत मागे सरकतो. तुमच्या ट्यूबचा बाह्य व्यास ४.१६ सेंमी आहे. दोन्ही केंद्रांतील अंतर या व्यासाने भागले, की पूर्वी २.२ असलेला स्थिरतेचा फरक आता जेमतेम १.२ उरतो. गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या किमान एक व्यास पुढे असावा, असा सर्वमान्य दंडक असल्याने रॉकेट उडेल. परंतु रंगाचा एखादा जाड थर किंवा शेपटाकडे सढळ हाताने वापरलेला गोंद ही उरलेली सवलत खाऊन टाकू शकतो. नोज कोनच्या आत टोकापासून ३ सेंमीवर १० ग्रॅम माती दाबून बसवली, तर गुरुत्वमध्य ३८.२ सेंमीवर येतो आणि फरक १.९ होतो. याहून अधिक माती भरू नये, कारण बर्थाचे फिन (शेपटाचे पंख) मुळातच मोठे आहेत आणि फाजील स्थिर रॉकेट वाऱ्याच्या दिशेला तोंड करून तिरके पळत सुटते.

ही सर्व गणिते रॉकेट सुटण्याच्या क्षणाची आहेत. इंधन जळत जाते तसा गुरुत्वमध्य पुढे सरकतो, म्हणून सर्वांत नाजूक अवस्था तीच. जोडणी पूर्ण झाल्यावर मोटर, पॅराशूट आणि वॅडिंग (पॅराशूटला धगीपासून वाचवणारा कागद) भरून रॉकेट सुतळीवर तोला आणि प्रत्यक्ष आलेला आकडा प्रणालीत भरा. माझ्या आकडेमोडीपेक्षा त्या सुतळीवर अधिक विश्वास ठेवावा.

बाल्सा
वरील हिशेब मला मान्य आहे. जोडणीविषयी काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण बहुतेक फजिती तेथेच होते. मोटरसाठी बीटी-५० नळी घ्या आणि बीटी-५० ते बीटी-६० या मापाच्या दोन रिंग मिळवा. रिंग घट्ट बसत असेल तर गोंद लावण्याआधीच तिची कड सँडपेपरने घासून ती सहज सरकेल अशी करावी, कारण लाकडासाठीचा पिवळा गोंद ट्यूबच्या आत अर्ध्या वाटेत अचानक धरतो आणि मग माउंट (मोटरची नळी आणि रिंग यांचा सांगाडा) ना पुढे जातो ना मागे येतो. सर्व काही इपॉक्सीने चिकटवण्याचा मोह टाळावा. कागद आणि बाल्सा यांना पिवळा गोंद पुरेसा मजबूत असतो आणि इपॉक्सीचे वजन नेमके शेपटाकडे, म्हणजे नको तेथे, साचते.

मागील रिंगेत हुकासाठी खाच ठेवा, नाही तर हुक बाहेर वाकणार नाही आणि मोटर आत जाणार नाही. डी१२चा सर्वोच्च रेटा ३० न्यूटनच्या आसपास, म्हणजे सी६च्या सुमारे दुप्पट असतो, त्यामुळे तो सर्व हुकाच्या वरच्या वाकावर न सोडता त्याच्या पुढे मोटरला अडवणारी मोटर-ब्लॉकची कडी चिकटवावी. त्याच वेळी पुढच्या रिंगेतून केव्हलरचा (उष्णता सहन करणारा मजबूत) दोरा ओवून तो मोटरच्या नळीला बांधून घ्या आणि किटमधली शॉक कॉर्ड (नोज कोनला रॉकेटशी बांधून ठेवणारी दोरी) त्याला जोडा. केव्हलर ट्यूबच्या तोंडाबाहेर येईल इतका लांब मात्र नसावा. तसा असला तर पॅराशूट उघडताना तो ट्यूबची कड चिरत जातो.

मिसूरीवाला
नवा माउंट करणारच असाल तर थेट २९ मिमीचा का करत नाही? ट्यूबचा आतील व्यास ४०.५ मिमी आहे, त्यात तो आरामात बसेल आणि एफ१५ ही बरीच मोठी मोटरसुद्धा उडवता येईल.

त्रिज्या
जागा आहे, पण स्थिरता उरत नाही. एफ१५ सुमारे १०० ग्रॅमची, म्हणजे रिकाम्या बर्थापेक्षाही जड आहे. ओहायोकरांच्या मापांवर हिशेब केला, तर गुरुत्वमध्य ४४.८ सेंमीवर जातो आणि फरक एक तृतीयांश व्यासही उरत नाही. तो भरून काढण्याइतकी माती घालायची, त्या वजनासाठी मोठे पॅराशूट घ्यायचे आणि वाढलेल्या वेगासाठी बाल्साचे फिन मजबूत करायचे, यापेक्षा त्या मोटरसाठीच आखलेले किट घेणे शहाणपणाचे ठरेल.

ओहायोकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. २४ मिमीच करतो आणि मातीही भरतो. आणखी एक शंका अशी की डी१२-३, -५ आणि -७ यांपैकी कोणती घ्यावी? मी उडवतो ते शाळेचे मैदान नकाशावर मोजले असता अरुंद बाजूने ४५० फूट भरते.

बाल्सा
डी१२-५ घ्या. बर्था जाडजूड असल्यामुळे हवेचा रोध तिला लवकर थोपवतो, म्हणून ७ सेकंदांचा विलंब फार होईल. आणि ३ सेकंदांचा विलंब याहून बऱ्याच जड रॉकेटसाठी योग्य असतो.

मैदान मात्र अपुरे आहे. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री या अमेरिकन संस्थेच्या सुरक्षा-नियमावलीनुसार सी वर्गाच्या मोटरसाठी मैदानाची लहान बाजू किमान ४०० फूट आणि डी वर्गासाठी ५०० फूट असावी लागते. त्यामुळे शाळेच्या मैदानावर याच माउंटमध्ये २४ मिमीचीच सी११-३ वापरावी. तिचा एकूण आवेग (रेटा आणि जळण्याचा काळ यांचा गुणाकार) जवळपास सी६इतकाच आहे, परंतु रेटा जोरकस असल्याने जड झालेले रॉकेट उड्डाणाच्या दांडीवरून पुरेशा वेगाने सुटते. शिवाय १८ मिमीचे अडॅप्टर बनवून ठेवले, तर तुमच्याकडे शिल्लक असलेल्या सी६ मोटरही वाया जाणार नाहीत. मात्र माती भरल्यानंतर सुटतानाचे वजन ११३ ग्रॅमच्या आत आहे ना, हे काट्यावर पाहून घ्या, कारण सी६-५साठी निर्मात्याने दिलेली मर्यादा तेवढीच आहे. डी१२ रॉकेट क्लबच्या मोठ्या मैदानासाठी राखून ठेवावी.