बॉडीगार्ड २.० पिस्तूल (.३८०): पहिल्या १५० गोळ्या झाल्या, ठेवू का बदलू?

कातरवेळ (केटी, टेक्सास)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण पूर्ण वाचून सांगा प्लीज.

मी फार्मसीत काम करते, आठवड्यातले तीन दिवस दुकान बंद करून निघायला साडेदहा होतात आणि आमचं पार्किंग मागच्या अंधाऱ्या बाजूला आहे. एच-१बी वर होते तोवर पिस्तुलाचा विषयच नव्हता, ग्रीन कार्ड आल्यावर नवऱ्याच्या ग्लॉक १९ वर शिकले, एलटीसीचा (पिस्तूल जवळ बाळगायच्या टेक्सासच्या लायसन्सचा) क्लास केला, परीक्षाही पास झाले. (टेक्सासमध्ये २०२१ पासून लायसन्सशिवाय चालतं हे माहितीय, पण मला नीट शिकून करायचं होतं. दुकानाच्या मालकांनाही आधी विचारलंय.) अडचण एकच, ग्लॉक रिकामं असतानाच साडेसहाशे ग्रॅमच्या वर जातं, स्क्रबची नाडी खाली ओढली जाते, कुर्त्यातून फुगवटा दिसतो, त्यामुळे चारातले तीन दिवस ते घरीच राहायचं.

म्हणून गेल्या महिन्यात स्मिथ अँड वेसनचं बॉडीगार्ड २.० घेतलं, .३८० वालं (हे गोळीचं माप, ९ एमएमपेक्षा मवाळ), थंब सेफ्टीचं म्हणजे अंगठ्याने लावायच्या लॉकचं मॉडेल. रिकामं वजन ९.८ औंस म्हणजे पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, नळी पावणेतीन इंच, सोबत १० आणि १२ गोळ्यांची अशी दोन मॅगझिन (गोळ्या भरायच्या पेट्या). भरल्यावरही चारशे ग्रॅमच्या आसपास. पहिल्या दिवशी घरात घालून स्वयंपाक केला, तर तासाभराने अंगावर आहे हेच विसरले होते.

शनिवारी रेंजवर नेलं आणि जरा हिरमुसूनच परत आले. ३ यार्डवर सगळं छान, पण ७ यार्डवर गोळ्या सारख्या खाली डावीकडे जात होत्या (मी उजव्या हाताची आहे), ग्लॉकने त्याच अंतरावर माझ्या मुठीएवढ्या जागेत बसतात आणि इथे सगळ्या कागदभर पसरलेल्या. करंगळी ग्रिपवर टेकायला १२ चं मॅगझिन लावलं की बसते, १० च्याला अधांतरी राहते. शंभर गोळ्यांनंतर अंगठा आणि बोटाच्या मधली कातडी लाल झाली होती. शेवटची गोळी संपल्यावर स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) मागे अडकायला हवी ती बहुतेक वेळा अडकलीच नाही. आणि हॉलो पॉइंटचा (नाकाला पोकळी असलेल्या, स्वसंरक्षणासाठीच्या गोळ्या) एक २० चा डबा नेला होता, त्यातल्या दोन गोळ्या नळीत शिरताना नाक खुपसून बसल्या. बाकीच्या साध्या गोळ्या मात्र एकदाही अडकल्या नाहीत. ट्रिगर सपाट आणि गुळगुळीत आहे, पुढच्या साइटमधला (नेम धरायच्या खुणेतला) ट्रिटियमचा स्वतःच चमकणारा ठिपका रेंजच्या मंद उजेडातही लगेच सापडतो, ते मनापासून आवडलं.

नवरा म्हणतो बदल आणि थोडं मोठं ९ एमएम घे. तुम्ही काय कराल?

डीएफडब्ल्यूकर

ताई, बदलू नका, निदान अजून ५०० गोळ्या होईपर्यंत तरी नाही.

खाली डावीकडे जाणं हे बहुतेकदा उजव्या हाताच्या माणसाचं धक्क्याची वाट बघण्याचं लक्षण आहे. गोळी सुटायच्या क्षणभर आधी मनगट खाली दाबलं जातं आणि सगळी मूठ एकदम आवळली जाते. ग्लॉकमध्येही तुम्ही थोडंफार तेच करत असणार, पण ते जड आहे, पकडायला जागा आहे म्हणून ते पोटात घालतं. हे पावणेतीनशे ग्रॅमचं पिस्तूल काहीच पोटात घालत नाही. गोळीचा रेटा तेवढाच राहतो पण मागे यायला वजनच नाही म्हणून ते वेगाने हातावर आपटतं, .३८० ही ९ एमएमपेक्षा मवाळ असली तरी.

यावर मला लागू पडलेला उपाय सांगतो. दोनशे राउंड वाया घालवल्यावर एका इन्स्ट्रक्टरने करून घेतला होता. नवऱ्याला मॅगझिन भरायला सांगा, आणि त्यात त्यांनी तुम्हाला न सांगता मधेमधे दोन-तीन डमी (न सुटणाऱ्या) गोळ्या घालायच्या. तुम्ही नेहमीसारखं मारायचं. डमी आली की नुसता टक आवाज येईल, आणि त्याच क्षणी नळीचं तोंड बोटभर खाली गेलेलं तुम्हाला स्वतःला दिसेल. ते एकदा डोळ्यांनी बघितलं ना की मग कोणी समजवायची गरज उरत नाही. आणि घरी रोज दहा मिनिटं ड्राय फायर (रिकाम्या पिस्तुलाचा नुसता ट्रिगर ओढायचा सराव), पिस्तूल दोनदा तपासून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून.

स्लाइडचं म्हणाल तर ९९ टक्के तुमचा उजवा अंगठा स्लाइड स्टॉपवर (स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्यावर) टेकतोय. एवढ्याशा ग्रिपवर अंगठ्याला दुसरी जागाच नसते. अंगठा मुद्दाम बाहेर काढून एक मॅगझिन मारा, लगेच कळेल.

हॉलो पॉइंट मात्र दुसरे घ्या. छोट्या पिस्तुलांना प्रत्येक गोळीच्या नाकाचा आकार मानवतोच असं नाही. जी गोळी कमरेला लावणार ती निदान शंभर तरी न अडकता चालली पाहिजे, खर्च होतो (.३८० तशीही ९ एमएमपेक्षा महाग पडते), पण तिथे कंजूषी नको.

बदलायचंच ठरलं तर सिग पी३६५ हातात धरून बघा, ते ९ एमएम आहे, पाचशे ग्रॅमच्या आसपास. रुगर एलसीपी मॅक्स घेऊन काही फरक पडणार नाही, ते ३०० ग्रॅमचं, तुमच्या पिस्तुलाचंच भावंड.

करवीरकर

मी कोल्हापुरातनं लिहितोय, तुमच्यासारखं पिस्तूल हातात धरलेलं नाही पण आठ वर्षं १० मीटर एअर पिस्तूल खेळलोय म्हणून दोन शब्द.

आमच्या खेळात एअर पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं आणि ट्रिगर (चाप) ओढायचा जोर ५०० ग्रॅमच्या खाली नको असा नियम आहे. म्हणजे बघा, शस्त्र जड आणि चाप हलका, त्यामुळं बोटाच्या ताकदीनं पिस्तूल हलतच नाही. तुमच्याकडं बरोबर उलटं झालंय, शस्त्राचं वजन चाप ओढायला लागणाऱ्या जोरापेक्षा कितीतरी कमी. बोट जरा वाकडं ओढलं की अख्खं पिस्तूल बोटाबरोबर येतंय. त्यामुळं आपला नेमच वाईट आहे असं मनात अजिबात धरू नका ताई.

नेमबाज राही सरनोबत आमच्या गावची, २०१८ च्या एशियाडमध्ये पालेमबांगला २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं तिनं. तिच्यामुळं रेंजवर आलेली पोरं मी बघितली आहेत, पहिले कित्येक महिने गोळी कमी आणि कोऱ्या भिंतीकडं बघून चाप ओढणं जास्त. टार्गेट नाही, काही नाही, नुसती पुढची साइट हलते का ते बघायचं. तुम्ही पण भिंतीसमोर उभं राहून करा. आणि बोटाचं कुठलं पेर चापावर बसतंय ते बघा, लहान पिस्तुलावर बोट जास्त आत जातं आणि मग ओढ सरळ मागं येत नाही.

दोन_मुलांची_आई

पिस्तुलाबद्दल वरच्या दोघांनी छान सांगितलंय, मी बाकीचं सांगते कारण ते कोणी सांगत नाही.

हलकं पिस्तूल घेतलं की पर्समध्ये टाकायचा मोह होतो. नका टाकू. पर्स खुर्चीला अडकवली जाते, मुलं त्यात च्युइंगम शोधतात. माझी मुलगी सात वर्षांची असताना मी बाथरूममधून बाहेर आले तर ती माझ्या पर्सची चेन उघडत होती, त्या दिवशी पिस्तूल त्यात नव्हतं पण आदल्या दिवशी होतं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाही. तेव्हापासून एकतर अंगावर, नाहीतर बोटाच्या ठशाच्या लॉकबॉक्समध्ये, तिसरी जागा नाही. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं पिस्तूल १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तो गुन्हाच आहे.

स्क्रबवर बेल्ट नसतो म्हणून बेलीबँड (पिस्तूल ठेवायचा, पोटाभोवती गुंडाळायचा पट्टा) घ्या, पण ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक कव्हर त्यात असलंच पाहिजे, नुसतं कापड नको.

रेंजवर गळा बंद असलेला शर्ट घाला. माझ्या कुर्त्याच्या गळ्यातून गरम पुंगळी (सुटलेल्या गोळीचं रिकामं आवरण) आत गेली होती आणि मी पिस्तूल हातात असतानाच वळले, इन्स्ट्रक्टरने मनगट धरलं म्हणून निभावलं. घरी आल्यावर गार पाण्याने साबण लावून हात, मग कपडे वेगळे धुवायचे, मुलांना जवळ घ्यायचं ते त्यानंतर. त्या धुरात शिसं असतं.

एडिसनकर

ताई, दिवाळीला वगैरे इकडे न्यू जर्सीत नातेवाइकांकडे येणार असाल तर पिस्तूल घरीच ठेवून या. तुमचं टेक्सासचं लायसन्स इथे चालत नाही, आणि तुमचं ते १२ चं मॅगझिनही इथे बेकायदा, १० च्या वर २०१८ पासून बंदी आहे.

दुसरं त्याहून महत्त्वाचं, रेंजला नेलेली बॅग भारतात जाताना चुकूनसुद्धा वापरू नका. एखादी गोळी अस्तरात, बाजूच्या खिशात राहून जाते आणि मग मुंबई किंवा दिल्लीच्या एअरपोर्टवर स्कॅनरमध्ये दिसते. आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो. जाणूनबुजून ठेवली नव्हती म्हणून कोर्ट पुढे केस रद्द करतं बऱ्याचदा, पण तोवर फ्लाइट गेलेली असते, वकील झालेला असतो, सुट्टी तिथेच संपते. आमच्या ओळखीत झालंय हे, वडिलांच्या वर्षश्राद्धाला निघालेला माणूस होता आणि तो पोचू शकला नाही. रेंजची बॅग वेगळी, तिला लाल रिबन बांधा.

कातरवेळ (केटी, टेक्सास)

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल परत जाऊन आले म्हणून लिहितेय.

डमीचा प्रयोग केला. तिसऱ्याच गोळीला टक झालं आणि नळी इतकी खाली गेली की नवरा आणि मी दोघंही गप्प झालो. मग त्यालाही करायला लावलं तर त्याची पण गेली, ग्लॉकवर! त्यानंतर बदल हा शब्द त्याने काढलेला नाही.

अंगठा बाहेर ठेवला तर सहापैकी सहा वेळा स्लाइड अडकली. दुसऱ्या कंपनीचे हॉलो पॉइंट ४० मारले, एकही अडकली नाही, अजून ६० बाकी आहेत. करवीरकर, बोट खरंच जास्त आत जात होतं, पहिल्या पेराच्या मध्यावर आणलं आणि आठवडाभर रोज रात्री देवघराच्या बाजूच्या कोऱ्या भिंतीसमोर दहा मिनिटं केलं. काल ७ यार्डवर जेवणाची कागदी प्लेट लावली, दहापैकी आठ आत आणि बाहेरच्या दोन्ही परत डावीकडेच. पण एलटीसीच्या परीक्षेचा ५० गोळ्यांचा कोर्स याच पिस्तुलाने मारून २५० पैकी १७५ च्या वर जाईन तेव्हाच ते अंगावर घालायला लागेन असं ठरवलंय, १५ यार्डच्या शेवटच्या दहा गोळ्यांची अजून धास्ती वाटते.

दोन मुलांची आई, तुमचं वाचून पर्समधला वेगळा कप्पा मी त्याच रात्री रिकामा केला. लॉकबॉक्स मागवलाय, कपाटात वरच्या फळीवर स्क्रूने पक्का करायचाय. बेलीबँड कुठला घेतलात ते सांगाल का, कडक कव्हरवाला?