सासू-सासरे ८८ दिवसांसाठी स्टुटगार्टला येत आहेत : दिवसाची घडी आणि विमा यांबाबत सल्ला हवा आहे

नमस्कार.

आम्ही गेली नऊ वर्षे जर्मनीतील स्टुटगार्ट येथे राहतो. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि मुलगी सहा वर्षांची आहे. येत्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझे सासू-सासरे सांगलीहून ८८ दिवसांसाठी येत आहेत. सासरे ७४ वर्षांचे आहेत, सासूबाई ६९ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वीही ते साधारण याच बेताने आले होते; परंतु सहाव्या आठवड्यातच तिकिटे बदलून परत गेले. भांडण झाले नव्हते, रुसवेफुगवेही नव्हते, त्यामुळे नेमके कोठे बिनसले हे समजायला आम्हाला बराच वेळ लागला.

व्हिसाविषयी माझा प्रश्न नाही. जर्मनी, स्वित्झर्लंड यांसारख्या शेंगेन देशांच्या सामायिक व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, येण्याचा आणि जाण्याचा दिवस त्यातच धरलेला, आणि मधे चार दिवस स्वित्झर्लंडला जाऊन आल्याने ही मोजणी नव्याने सुरू होत नाही, एवढे आम्हाला ठाऊक आहे. ऐन वेळी विमान रद्द झाले तर अडचण नको म्हणून दोन दिवस हाताशी ठेवले आहेत.

पहिला आणि मुख्य प्रश्न दिवसाचा आहे. मागच्या खेपेस आम्ही सगळे शनिवार-रविवार गच्च आखले होते. ऱ्हाइनचा धबधबा झाला, ब्लॅक फॉरेस्ट झाले, विल्हेल्मा प्राणिसंग्रहालय तर दोनदा झाले. सोमवार ते शुक्रवार मात्र सकाळी आठपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत ती दोघे घरात एकटीच असत, आणि याचा विचार आम्ही केलाच नव्हता. सासरे सांगलीत रोज सकाळी कृष्णेच्या घाटावरून गणपतीच्या देवळापर्यंत चालत जातात, येताना भाजी आणतात आणि भाजीपेक्षा बातम्याच जास्त आणतात. परत जाण्याचा विषय निघाला त्या रात्री ते मला म्हणाले, “अगं, तिथं कोथिंबिरीची जुडी आणायला गेलो तरी दहा माणसं भेटतात. इथं मी दिवसभर खिडकीतून पिवळ्या ट्राम मोजतो.” त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि त्यामुळेच ते वाक्य मला अधिक लागले.

यंदा दोघांना डॉइचलांड-तिकीट काढून द्यावे असा विचार आहे. महिन्याला प्रत्येकी ६३ युरो पडतात आणि शहरातील ट्राम, बस व स्थानिक रेल्वे त्यात येतात. ते आपोआप पुढे चालू राहते, त्यामुळे शेवटच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करायचे हे मी आत्ताच दिनदर्शिकेत लिहून ठेवले आहे. परंतु तिकीट हाती दिले म्हणजे माणूस बाहेर पडतोच असे नाही. सासऱ्यांना इंग्रजी येते, जर्मन येत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि हे शहर वाटीसारख्या खोलगट जागेत वसलेले असल्याने पायऱ्या-पायऱ्यांच्या चारशेहून अधिक वाटा येथे आहेत. नकाशावर दहा मिनिटांचे दिसणारे अंतर प्रत्यक्षात चढण निघते. आपल्या आई-वडिलांना पहिल्या आठवड्यात एकट्याने प्रवास करायला कोणी कसे शिकवले? एकच ठरलेला मार्ग रोज करून घ्यावा, की निरनिराळे दाखवावेत? माझ्या मनात शहराच्याच बाड कानश्टाट भागातील खनिज पाण्याचे झरे आहेत. बाटली भरून आणणे हे रोजचे काम झाले तर सासऱ्यांना ते आवडेल असे वाटते, कारण नुसते “फिरून या” म्हटलेले त्यांना पटत नाही.

दुसरा प्रश्न विम्याचा. व्हिसासाठी आम्ही येथील परदेशी नागरिकांच्या कार्यालयात हमीपत्र दिले आहे. त्यानुसार त्यांच्या वास्तव्याचा खर्च, उपचारांसह, आमच्यावर येतो. व्हिसाला लागणारा किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा मागच्या वेळीही होता. परंतु सासऱ्यांना चक्कर आली तेव्हा रक्तदाब हा जुना आजार असल्याचे सांगून विमा कंपनीने तपासणीचे साडेचारशे युरो देण्याचे नाकारले. त्यांना मधुमेहही आहे. जुना आजार अचानक बळावल्यास निदान तातडीच्या उपचारांचा खर्च देणारा विमा कोणी घेतला आहे का, आणि त्यातून प्रत्यक्षात पैसे मिळाले आहेत का? पत्रकात काय छापले आहे ते मी वाचले आहे. मला पैसे मिळाल्याचा अनुभव हवा आहे. औषधे तीन महिन्यांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, ते बरोबर आणणारच आहेत.

तिसरी गोष्ट लहान आहे, पण तीच मला अवघड वाटते. सासूबाई पहाटे साडेपाचला उठून खलबत्त्यात दाण्याचे कूट करतात. येथे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते. मागच्या वेळी खालच्या मजल्यावरील आजींनी दारावर चिठ्ठी लावली आणि ती मी सासूबाईंना वाचून दाखवली. तेथेच माझे चुकले, कारण त्यानंतर त्या सकाळी स्वयंपाकघरात यायच्याच बंद झाल्या. गंमत अशी की पुढच्याच आठवड्यात जिना झाडण्याची आमची पाळी होती. त्या पाळीला येथे ‘केअरवोख’ म्हणतात आणि पाळी असलेल्या घराच्या दाराला तशी पाटी अडकवतात. “केर काढायचा आठवडा, म्हणजे मराठीच झालं की,” असे म्हणून सासूबाईंनी आम्ही कामावर असताना सगळा जिना एकटीने पुसून काढला, आणि चिठ्ठी लावणाऱ्या त्याच आजी संध्याकाळी केक घेऊन आल्या. तरीही कूट पुन्हा झाले नाही. घराचे नियम सांगायचे, पण घर परके वाटू द्यायचे नाही, हे तुम्ही कसे साधता?

भर : काहींनी खाद्यपदार्थांविषयी विचारले आहे, म्हणून लिहिते. तूप, पेढे, खवा असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवासी सामानात आणता येत नाहीत. मागच्या वेळी आमचे पेढे विमानतळावरच राहिले. हापूस आणि कढीपत्ता यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. नारळाला लागत नाही, त्यामुळे यंदा नारळ येणार आहेत. खलबत्ताही आणू का, असे सासूबाईंनी काल फोनवर विचारले. मी “आणा” म्हटले आहे.